विवेकनिष्ठ मानसोपचार

विवेकनिष्ठ मानसोपचार (आरईबीटी) : भावनिक त्रासामागच्या ताठर, अविवेकी समजुती शोधून त्या बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. प्रवर्तक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). ते आधी मनोविश्लेषणाने उपचार करीत. दुःखाचे मूळ बालपणात सापडले तरी रुग्णाचे वागणे बदलत नाही, असे दिसल्यावर त्यांनी १९५५ च्या सुमारास ही नवी वाट धरली. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्याची मते करतात, हा स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटसचा विचार तिच्या मुळाशी आहे. भारतात ती रुजवण्यात मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकाने मराठी वाचकाला एलिस ओळखीचे झाले.

अविवेकी समजूत आणि अंधश्रद्धा यांची गल्लत करू नये. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरीहून संत तुकडोजी महाराजांनी बुवाबाजी आणि अनिष्ट रूढींविरुद्ध गावोगाव जागृती केली. पण ज्याने आयुष्यात कधी गंडा-ताईत बांधला नाही, त्याच्याही मनात एलिस म्हणतात तशा समजुती घट्ट बसलेल्या असू शकतात. त्यांचा गाभा ‘च’मध्ये असतो : झालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे. या हट्टातून पुढच्या तीन समजुती फुटतात : घडले ते भयंकर आहे, मला ते सोसवणार नाही आणि मी कवडीमोल आहे.

वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सडले, बँकेचा हप्ता थकला. हे नुकसान खरे आहे. त्याचे दुःख आणि पुढची काळजी वाटणे निरोगीच आहे. मात्र ‘पोरीचं लगन थाटात झालंच पायजे’, ‘लोकं काय म्हनतीन’, ‘मी कोन्याच कामाचा नाई’ ही वाक्ये मनात घोळू लागली की दुःखाचे नैराश्य होते. दुःखी माणूस कर्जाच्या पुनर्गठनाचे विचारायला बँकेत जातो. नैराश्यातला घराबाहेरही पडत नाही.

उपचारक अशी समजूत रुग्णासोबत उलटीपालटी करून पाहतो. लग्न थाटात व्हावे ही इच्छा रास्त, पण ते व्हायलाच हवे असा नियम कुठे आहे? एक हंगाम गेला म्हणून अख्खा माणूस नालायक कसा ठरतो? या विचाराने तुझे काही भले होते का? उत्तरे तोंडपाठ होऊन भागत नाही, म्हणून घरी करायला कामे दिली जातात. एलिस यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःवरच हे करून पाहिले होते. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात ते महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलत राहिले. नकार पुष्कळ मिळाले, भीती मात्र ओसरली. आपल्या शेतकऱ्याला दिलेले काम याहून साधे असेल, पण सोपे नसेल : कर्जाची गोष्ट एका सोयऱ्याला मोकळेपणी सांगणे.

या पद्धतीचा एक गैरवापर घातक आहे. शेतमालाचा भाव, सिंचनाचा अभाव, सावकारी हे प्रश्न विचार बदलल्याने सुटत नाहीत, आणि ‘तुझेच विचार चुकीचे’ असे कर्जबाजारी माणसाला सुनावणे हा उपचार नव्हे, छळ आहे. एलिस यांचा सिद्धान्तही तसे सांगत नाही. परिस्थिती बदलण्यासाठी लढायला मन मोकळे असावे, एवढाच त्याचा दावा आहे.

गावपातळीवर मानसिक आरोग्यसेवा पोचू शकते, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात ३० गावांत स्थानिक आरोग्य कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक यांनी नैराश्यग्रस्तांना शोधून मदत दिली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आलेल्या निष्कर्षांनुसार मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे समुपदेशन म्हणजे एलिस यांची पद्धत नव्हे. तरीही विवेकनिष्ठ उपचार शहरी दवाखान्यांबाहेर न्यायचा तर मार्ग हाच दिसतो. सध्या तिवशातूनही ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते, आत्महत्येचा विचार मनात येत असेल तर तिथे लगेच फोन करावा आणि घरातल्या कुणाला तरी सांगावे.