टक्कल, संप्रेरके आणि संप्रेरकरोधक औषधे

कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत जाणे आणि माथ्यावर ते विरळ होणे, हा पुरुषांमधील केसगळतीचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरके अर्थात हार्मोन्स एकत्र आल्याखेरीज असे टक्कल पडत नाही. या संप्रेरकांना अटकाव करणारी औषधे उपलब्ध असली, तरी त्यांचा परिणाम केवळ केसांपुरता मर्यादित राहत नाही.

हा संबंध अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये स्पष्ट केला. वयात येण्यापूर्वीच वृषणांचे कार्य थांबलेल्या पुरुषांना टक्कल पडत नसल्याचे त्यांना आढळले. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. संप्रेरक देणे बंद करताच गळती थांबली. मात्र गेलेले केस परत आले नाहीत.

टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात होते. त्याला संवेदनशील असलेल्या केसांच्या मुळांचा वाढीचा काळ त्यामुळे आखूड होत जातो, मुळे लहान होतात आणि जाड केसांच्या जागी बारीक लव येते. टक्कल पडणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या रक्तात हे संप्रेरक प्रमाणाबाहेर नसते; फरक असतो तो मुळांच्या संवेदनशीलतेत. हीच संप्रेरके दाढीची वाढ मात्र घडवून आणतात.

या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कुटुंबांतील बाधित पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी लहान होती आणि त्यांचे केस मागे हटलेले नव्हते. हा विकर रोखणारे फिनास्टेराइड अमेरिकेत १९९२ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅम मात्रेत पुरुषांच्या केसगळतीसाठी मान्य झाले. दोन वर्षांच्या चाचण्यांत ही गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांच्या माथ्यावरील केसांची संख्या टिकली वा वाढली. औषधरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. गुण दिसण्यास किमान तीन महिने लागतात आणि औषध थांबवल्यास साधारण वर्षभरात लाभ नाहीसा होतो. अधिक प्रभावी असे ड्युटास्टेराइड दक्षिण कोरिया व जपानमध्ये केसगळतीसाठी मान्य आहे. मिनॉक्सिडिल हे प्रचलित औषध मात्र संप्रेरकरोधक नाही.

स्त्रियांमध्ये कपाळावरची केसरेषा बहुधा कायम राहून माथ्यावरील केस विरळ होतात. रजोनिवृत्त स्त्रियांवरील चाचणीत १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडचा उपयोग दिसून आला नाही. काही स्त्रियांना संप्रेरकाचा प्रभाव रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते. पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण होण्याचा धोका असल्याने गर्भवतींनी ही औषधे टाळणे आवश्यक असते.

फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत कामेच्छा कमी होणे, लिंगताठरतेत अडचण असे त्रास उद्भवतात. औषध बंद केल्यावरही काहींचे त्रास कायम राहिल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात बदल केला. आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने २०२५ मध्ये निश्चित केले. मनःस्थितीत असा बदल जाणवल्यास केसगळतीसाठीची गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना भेटणे गरजेचे आहे.

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या निदानासाठी होणाऱ्या पीएसए या रक्तचाचणीतील आकडा या औषधाने सुमारे निम्म्यावर येतो. त्यामुळे चाचणीच्या वेळी डॉक्टरांना गोळीची कल्पना देणे आवश्यक ठरते. टक्कल जिवाला अपाय करणारे नाही, तर उपचार वर्षानुवर्षे चालणारा आहे. म्हणूनच जाहिरातीवर विसंबून नव्हे, तर त्वचारोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतरच तो सुरू करणे हिताचे होय.