मध्यार्जुनाचे हरिण

कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर म्हणजेच मध्यार्जुन. हे नाव धनुर्धर पार्थावरून नव्हे, अर्जुनवृक्षावरून पडले. १७९८ साली तंजावरची गादी गमावलेले अमरसिंहराजे येथेच येऊन राहिले.

धनुष्यबाणाने काळवीट टिपणे हा प्राचीन राजविहार. कालिदासाचा दुष्यंत प्रथम दिसतो तो मृगामागेच. उघड्या माळावर आडोसा नाही. बाणाच्या टप्प्यात शिरण्यास संयमच लागे. बंदुकीने ते अंतर मिटविले आणि कळप विरळ झाले. १९६७ साली कोडियक्करै येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने शिकारीस बंदी आली.

तमिळ देशीच्या शिवमूर्तींच्या हाती मात्र हरिण शतकानुशतके निर्भय आहे. राज्य गेलेल्या राजानेही अशाच महालिंगस्वामींच्या गावी आसरा घेतला. दूरदेशी वसलेल्या आपणांस त्या आसऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.