यवतमाळचा शेतकरी आणि ग्राहकाचे हक्क

ग्राहक म्हटलें म्हणजे शहरांतील दुकानापुढें पिशवी घेऊन उभा असलेला गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. यवतमाळ जिल्ह्यांत हें चित्र अपुरें पडतें. येथील मोठी खरेदी मृगाच्या तोंडावर कृषिकेंद्रांत होते, आणि ती करणारा असतो कापसाचा शेतकरी. बियाणें, खत, औषध तो पुष्कळदां उधारीवर घेतो; आणि घेतलेला माल खरा कीं खोटा, हें त्याला शेतांतच कळतें.

कायद्यानें त्याची दखल प्रथम घेतली ती मात्र विकणारा म्हणून. कापसाचा व्यापार वाढला तसे वऱ्हाडांत वजनाचे व दलालीचे तंटे वाढले. १८८६ सालीं कारंज्यास सरकारी देखरेखीचा बाजार सुरू झाला आणि १८९७ सालीं साऱ्या वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. यवतमाळ तेव्हां वणी जिल्ह्यांत मोडत असे. जिल्ह्यास यवतमाळ हें नांव १९०५ सालीं मिळालें. कायद्याचा हेतु चांगला होता. पण बाजार-समितींत व्यापारी होते, नगरपालिकेचे प्रतिनिधि होते. कापूस पिकविणारा नव्हता. ज्याच्या काट्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याच हातीं समिति!

त्या काळीं बियाण्याचा प्रश्न फारसा नव्हता; घरची किंवा जिनांतील सरकी पेरली जाई. १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली, आणि दरवर्षीं नवीं पाकिटें विकत घेणें भाग पडलें. विकणारा शेतकरी अशा रीतीनें मोठा खरेदीदारहि झाला.

इकडे ग्राहकांची चळवळ शहरांत वाढत होती. १९६६ सालीं मुंबईंत नऊ स्त्रियांनीं पहिली संस्था काढली. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभारली. भेसळ, टंचाई, खोटें माप हे तिचे आरंभींचे विषय. डिसेंबर १९८६ मध्यें ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि वकिलावांचून तक्रार करण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीं आली. पण धंद्यासाठीं माल घेणारा ग्राहक नव्हे, अशी त्यांत मेख होती. बियाणें-कंपन्यांनीं तीच धरून ठेविली. शिवाय मालाचा दोष तपासावयास नमुना हवा. आणि शेतकऱ्यानें तर सारें बियाणें पेरून टाकलेलें! आंध्रांतील शेतकऱ्यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं हे दोन्ही आक्षेप फेटाळले. शेतकरी ग्राहकच आहे, आणि नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं, असा तो निर्णय होता. शहरांतील चळवळीच्या कोणत्याहि विजयापेक्षां यवतमाळला या निकालाचें मोल अधिक.

बियाण्याचा प्रश्न असा कांहींसा सुटला, तों औषधाचा उभा राहिला. २०१७ च्या पावसाळ्यांत उंच वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यांत वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शेंकडों रुग्णालयांत पडले. विकत घेणाराच्या संमतीनें वस्तु वापरणारा कायद्यानें ग्राहकच ठरतो. तेव्हां मजुरालाहि दाद मागतां यावी, असें वाटतें. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. सदोष मालापासून झालेल्या इजेची भरपाई त्यांत आहे, आणि तक्रारदार राहतो तेथेंच तक्रार करण्याची मुभाहि आहे. परंतु त्याच्या ८७ व्या कलमांत एक अपवाद आहे. कामाच्या ठिकाणीं वापरण्यासाठीं मालकानें वस्तु घेतली असेल आणि उत्पादकानें त्या मालकास धोक्याची सूचना दिली असेल, तर सूचना मिळाली नाहीं या कारणावरून उत्पादकास जबाबदार धरतां येत नाहीं. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या रोजंदाराच्या हातीं बाटलीबरोबरचें तें पत्रक येतें कीं नाहीं, हें कलम विचारीत नाहीं.