मॅन्झनिटा आणि कॅलिफोर्नियाच्या बागा

मॅन्झनिटा हे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरउतारांवरचे सदाहरित झुडूप. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ ‘छोटे सफरचंद’. तिची वाटाण्याहून थोडी मोठी, तांबूस, पिठूळ फळे पाहिली की हे नाव का पडले ते कळते. आर्क्टोस्टॅफिलॉस हे तिचे शास्त्रीय नाव मात्र ग्रीक असून त्यात अस्वल आणि द्राक्षे यांचा मेळ आहे. या प्रजातीत साठाहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक एकट्या कॅलिफोर्नियात वाढतात. काही जमिनीला चिकटून पसरतात, तर काही माणसाच्या दुप्पट उंच होतात. तिची सर्वांत देखणी खूण म्हणजे गुळगुळीत, गर्द तांबडी साल. उन्हाळ्यात या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटून गुंडाळले जातात आणि आतून फिकट हिरवट नवी साल दिसते.

बागेत येण्याच्या कितीतरी आधी ही झुडपे तिथल्या मूळ रहिवाशांच्या उपयोगाची होती. मिवोक, पोमो, मैदू हे लोक तिची वाळलेली फळे कुटून पीठ करत आणि कुटलेल्या फळांवरून पाणी गाळून आंबटगोड पेय बनवत. बाहेरून येऊन वसलेल्यांना मात्र ती गुरांच्या चराईत आडवी येणारी अडगळ वाटली. ती जाळायची, उपटायची आणि घराभोवती हिरवळ नि गुलाब लावायचे, हाच रिवाज पडला.

ही नजर बदलायला विसावे शतक उजाडले. इंग्लंडहून आलेल्या थिओडोर पेन यांनी लॉस एंजेलिसमध्ये देशी झाडांचे बी आणि रोपे विकायला सुरुवात केली. लेस्टर राउनट्री डोंगर तुडवत बी गोळा करत. बागेसाठी देशी झुडपे कोणती, हे सांगणारे त्यांचे पुस्तक 1939 साली आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अ‍ॅलिस ईस्टवुड यांनी मॅन्झनिटाच्या अनेक जातींना नावे दिली. 1906 च्या भूकंपात जिना कोसळलेल्या इमारतीत चढून त्यांनी सुमारे दीड हजार मूळ नमुने वाचवले.

ईस्टवुड यांनी 1905 साली वर्णिलेली फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा सॅन फ्रान्सिस्कोतच, सर्पेंटाइन खडकाच्या उघड्या उंचवट्यांवर वाढे. शहर वाढत गेले आणि शेवटी ती लॉरेल हिलच्या दफनभूमीत उरली. 1947 साली तिथेही बुलडोझर आले. उद्यानपाल जेम्स रूफ यांनी एक झुडूप खणून गोणपाटात घातले आणि बर्कलीजवळच्या टिल्डन पार्कमधल्या वनस्पती उद्यानात आणून लावले. पुढची साठ वर्षे ही जात फक्त बागांमध्ये जिवंत राहिली. बागेला शोभेपलीकडे काय मोल असते, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण. हेच उद्यान धोक्यात आले तेव्हा जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून 1965 साली कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटीचा जन्म झाला.

याच काळात रोपवाटिकांनी निवडक वाण पुढे आणले. बियांपासून सारखी रोपे मिळत नाहीत. शिवाय बी कठीण कवचाचे असते आणि रानात वणव्यानंतरच रुजते. म्हणून छाटकलमांचाच मार्ग रूढ झाला. सोनोमा भागातल्या एका दुर्मीळ जातीतून निवडलेला ‘हॉवर्ड मॅकमिन’ हा वाण मिल्स कॉलेजच्या प्राध्यापकांच्या नावाने ओळखला जातो. भारी माती आणि बागेतले पाणी तो इतरांपेक्षा बरा सोसतो, म्हणून नवख्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी. उतार झाकायचा असेल तर ‘एमराल्ड कार्पेट’ आणि एकटेच उठून दिसणारे झाड हवे असेल तर ‘डॉ. हर्ड’ योग्य.

1976–77 च्या दुष्काळात हिरवळी करपल्या आणि कमी पाण्याच्या झाडांकडे लोकांचे लक्ष गेले. पण मॅन्झनिटा घरी आणून अनेकांनी ती माया करूनच मारली. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्यात तापलेली माती ओली राहिली की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मुळे कुजवतो. वरची पाने पिवळी दिसेपर्यंत खाली सारे संपलेले असते. अनुभवातून ठरलेली रीत साधी आहे. शरद ऋतूत, पावसाच्या तोंडावर रोप लावावे. माती चिकण असेल तर उंचवटा करून त्यावर लावावे आणि खोडाचे बूड उघडे ठेवावे. खत घालू नये. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे महिन्यातून एकदा पुरते. छाटणी फुलोरा सरल्यावर हलकीच करावी, कारण जुन्या उघड्या लाकडावर बहुतेक जातींना पुन्हा फूट येत नाही.

फ्रान्सिस्कन मॅन्झनिटा रानातून नामशेष झाली असे धरले गेले होते. 2009 साली गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात आजूबाजूची झाडी तोडली गेली आणि गाडीतून जाणाऱ्या एका वनस्पतितज्ज्ञाला तिचे एक झुडूप दिसले. जानेवारी 2010 मध्ये ते मुळांभोवतीच्या मातीसकट क्रेनने उचलून सॅन फ्रान्सिस्कोतल्याच प्रेसिडिओ उद्यानात, जागा गुप्त ठेवून, लावण्यात आले.