गावाचा रक्तदाब मोजणारे डॉक्टर

फॅमिली डॉक्टर म्हटलं की आपल्याला सर्दी-ताप, इंजेक्शन आणि ‘घरातलाच माणूस’ एवढं आठवतं. पण उच्च रक्तदाब, मधुमेह असे वर्षानुवर्षं सोबत राहणारे आजार खरे कुठे अडवायचे, या प्रश्नाचं एक महत्त्वाचं उत्तर अशाच एका साध्या दवाखान्यातून आलं. त्याची ही हकिगत.

दक्षिण वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाचं गाव आहे. दरीच्या टोकाला, तेव्हा कोळशाच्या खाणीवर जगणारं. १९६१ साली डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट तिथे आले. केंब्रिजला शिकलेले, रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन यांच्यासारख्या संशोधकांबरोबर काम केलेले. मोठ्या शहरात नाव काढता आलं असतं. ते पंचवीसहून अधिक वर्षं त्या गावातच राहिले. खाण बंद पडली, बेकारी आली, डॉक्टर तिथेच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि माणसं एकेका डॉक्टरच्या यादीत नोंदवली गेली. हार्ट यांच्या यादीत दोन हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे जवळपास अख्खं गाव. यादी असली की दवाखान्यात कोण आलं एवढंच नाही, तर कोण *आलं नाही* हेही कळतं. सगळी मेख इथे आहे.

रक्तदाब दुखत नाही. खाणीतला माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो आणि एके दिवशी अर्धांगवायूने कोसळतो. १९६७ आणि १९७० साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचण्यांनी दाखवलं होतं की औषधांनी हे बरंचसं टाळता येतं. पण औषध द्यायचं कुणाला? ज्याला त्रासच नाही, तो येणार कशाला?

हार्ट यांनी १९६८ च्या सुमारास सोपा मार्ग काढला. माणूस खोकल्यासाठी येवो, नाहीतर सर्टिफिकेटसाठी. आला की रक्तदाब मोजायचा आणि कागदावर लिहायचा. बहुतेक जण कधी ना कधी येतातच. जे उरले, त्यांच्या मागे लागायचं. १९७० साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यांनी आपला प्रसिद्ध ‘व्यस्त सेवा नियम’ मांडला: जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जास्त, तिथे ती कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितकं हे अंतर वाढतं.

मग फायदा झाला का? १९९१ साली पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत ग्लिनकोरुगमध्ये पासष्टीच्या आतले मृत्यू स्पष्टपणे कमी होते. आता दोन लहान गावांची तुलना म्हणजे पक्का पुरावा नव्हे, हे मान्य करू. पण या कामात यंत्र कुठलं होतं? दंडाला बांधायचा पट्टा, नोंदवही, नर्स आणि जागेवर टिकून राहिलेला डॉक्टर. बस्स.

योगायोग बघा, त्याच १९७० साली आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. परिस्थिती अगदी वेगळी. तिथे गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं, आणि क्षय, कुष्ठरोगासारख्या लांबणाऱ्या आजारांची देखभाल घराघरापर्यंत पोचली. दोन्हीकडचं सूत्र एकच: पेशंटची वाट बघत बसायचं नाही.

आज आपल्या शहरांत तपासण्यांची पॅकेजं भरपूर मिळतात. ती घेतो कोण? बहुधा ज्याला परवडतं तो. रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, ऊसतोड कामगार यांचा रक्तदाब शेवटचा कुणी आणि कधी मोजला? त्यांचं नाव कुठल्या डॉक्टरच्या यादीत आहे? हार्ट २०१८ साली गेले. हा प्रश्न मात्र आपल्या दारात उभा आहे.