खूणगाठ

बाजारास निघालेली आमच्या घरची जुनी माणसे उपरण्याच्या टोकास गाठ मारीत. बायका पदरास मारीत. गाठीत बांधलेले काही नसे. वाटेत हात तिच्यावर गेला म्हणजे घरून सांगितलेला जिन्नस आठवे, एवढेच तिचे काम. मनाशी पक्के ठरविण्यास आपण 'खूणगाठ बांधणे' म्हणतो, त्यात हाच व्यवहार दडलेला आहे. घडून गेलेले आठवणे ही एक स्मृती. करावयाचे काम नेमक्या वेळी आठवणे ही दुसरी. पहिलीचे कौतुक फार झाले. दुसरीच्या जोरावर मात्र घरे, दुकाने आणि राज्ये चालत आली.

ही खूण अंगावर वागविण्याची चाल जुनी आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याची शेंडी प्रतिज्ञा पुरी होईपर्यंत मोकळी राहते; भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'त द्रौपदीचे केस तसेच राहतात. केस बांधावयास हात जाताच राहिलेले काम समोर उभे राहावे, अशी ही योजना आहे. तेथे मोकळे केस खूण होतात, आपल्याकडे बांधलेली गाठ, तत्त्व एकच.

पुढे कारभार वाढला आणि गाठीची जागा कागदाने घेतली. 'यादी' हा शब्द आपण रोज वापरतो. तो फार्सी 'याद' म्हणजे स्मरण यावरून आला, हे ध्यानी येत नाही. मराठेशाहीच्या मोडी दफ्तरांत 'याद' हा कागदाचा एक प्रकारच आहे. त्यात कामे कलमवार मांडीत आणि कलमाखाली निर्णय लिहीत. कारकून बदलला तरी काम विसरले जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. आम्ही ज्या कचेऱ्यांत आयुष्य घालविले, तेथील 'अनुस्मारक' हा त्याच यादीचा नातू होय.

घरच्या कामांची यादी मात्र पंचांगात असे, आणि येथेच आम्हा बालाघाटकरांची गोष्ट निराळी होते. हा जिल्हा 1867 साली झाला. 1956 पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी अशा दोन्ही राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले. कचेरी हिंदी झाली, शाळा हिंदी झाल्या, हळूहळू भिंतीवरचे कॅलेंडरही हिंदी झाले. त्याने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे: आपला महिना अमावास्येस संपतो, हिंदी पंचांगाचा पौर्णिमेस. शुद्ध पक्षात दोन्हींचे नाव एकच; वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना एकाने पुढे असतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी.

आमच्या मातोश्रींची तिथी मार्गशीर्ष वद्य पंचमी. वडील होते तोवर पाडव्यापूर्वी नागपुराहून पंचांग आणीत आणि तिथीवर पेन्सिलीने खूण करीत. ते गेले त्या वर्षी पंचांग आणावयाचे राहिले. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गशीर्ष कृष्ण पंचमी पाहिली, गुरुजींस बोलाविले, श्राद्ध केले. महिन्याने मावशींचे पत्र आले: ''परवा ताईची तिथी. तुम्हा मुलांच्या ध्यानात असेलच.'' पत्र हाती धरून आम्ही कितीतरी वेळ बसून राहिलो. आम्ही विसरलो नव्हतो. आमची खूण चुकली होती. आणि वडिलांची ती पेन्सिलीची रेघ किती काम करीत होती, हे ती नाहीशी झाल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुरुजींच्या दारी गेलो.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी या विषयाकडे गेल्या शतकात लक्ष दिले. कुर्ट लेविन यांनी 1926 साली पत्र पेटीत टाकण्याचे उदाहरण घेऊन दाखविले, की संकल्प मनात ताणासारखा राहतो आणि काम होताच सैल पडतो. आइन्स्टाइन व मॅक्डॅनियल या अमेरिकी संशोधकांस 1990 साली आढळले, की ठरलेली खूण समोर आली म्हणजे करावयाच्या कामात वृद्ध तरुणांच्या मागे पडत नाहीत. घड्याळाकडे स्वतःहून लक्ष ठेवण्याचे काम असले की पडतात, हे 1995 साली दिसले. रेंडेल व थॉमसन यांच्या 1999 च्या अभ्यासात तर रोजच्या व्यवहारातील कामे वेळेवर करण्यात वृद्धच सरस ठरले. साठी उलटलेल्यांस यात दिलासा आहे: खूण नीट असली तर वयाचे भय फारसे नको.

आता भ्रमणध्वनी घंटा वाजवून आठवण देतो. त्याची सोय आम्हीही घेतो. परंतु त्यात तिथी कोणत्या पंचांगाची भरली, हे त्यास कळत नाही. ते घरातील कोणास तरी ठाऊक असावे लागते. म्हणून बालाघाटातील मराठी घरांस एक विनंती. वडीलधारी माणसे आहेत तोवर घरातील तिथी त्यांस विचारून एका वहीत उतरवाव्यात. महिना, पक्ष, तिथी आणि शेवटी 'अमान्त' हा एक शब्द लिहावा. आमच्या वहीत तो आता तांबड्या शाईने आहे. मुले नागपुरास असोत वा परदेशी, पुढे ती वही उघडतील तेव्हा त्यांच्या हाताला गाठ लागेल.