वर्किंग हॉलिडे परवान्याचे सक्रियीकरण

वर्किंग हॉलिडे परवान्याचे सक्रियीकरण म्हणजे परदेशात तात्पुरते राहून काम करण्यासाठी मंजूर झालेला परवाना, त्या देशात प्रत्यक्ष प्रवेश करून लागू करून घेणे होय. ही कायद्यातील संज्ञा नसून परवानाधारकांमध्ये रूढ झालेला शब्दप्रयोग आहे. मंजुरीनंतर ठरावीक मुदतीत प्रवेश न केल्यास मंजुरी निरुपयोगी ठरते. त्यामुळे नोकरी, शिक्षण किंवा कौटुंबिक कारणांनी स्थलांतर लांबणीवर पडलेल्या काही व्यक्ती मुदत संपण्यापूर्वी त्या देशाला अल्पकाळ भेट देऊन परवाना सक्रिय करतात, मायदेशी परततात आणि काही महिन्यांनी तेथे राहावयास जातात. या मार्गाने मंजुरी वाचते; मात्र मधल्या काळाची भरपाई सहसा मिळत नाही.

पार्श्वभूमी

वर्किंग हॉलिडे योजना प्रामुख्याने दोन देशांमधील करारांवर आधारलेल्या असतात. त्यांचा लाभ १८ ते ३० वर्षे, तर काही देशांच्या नागरिकांना ३५ वर्षे वयापर्यंत घेता येतो. ऑस्ट्रेलियाने अशी योजना १९७५ मध्ये सुरू केली. कॅनडात ती ‘इंटरनॅशनल एक्सपिरियन्स कॅनडा’ या कार्यक्रमाचा भाग आहे. वयोमर्यादा आणि मर्यादित जागा यांमुळे हुकलेली संधी पुन्हा मिळेलच असे नसते. प्रवेशाच्या मुदतीला महत्त्व येते ते यामुळेच.

मुदतीची गणना

परवान्याचा काळ कोणत्या दिवसापासून मोजला जातो, हे देशागणिक बदलते.

कॅनडा : अर्ज मंजूर झाल्यावर अर्जदारास परिचयपत्र दिले जाते. ते सर्वसाधारणपणे १२ महिने वैध असते, परंतु तो कामाचा परवाना नव्हे. प्रत्यक्ष परवाना विमानतळावर किंवा भूसीमेवर ‘कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सी’चा अधिकारी देतो आणि त्याची मुदत त्या दिवसापासून सुरू होते.

ऑस्ट्रेलिया : देशाबाहेर असताना मंजूर झालेल्या पहिल्या व्हिसावर मंजुरीपासून १२ महिन्यांच्या आत प्रवेश करावा लागतो. वास्तव्याचे १२ महिने पहिल्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजले जातात. धारक मध्येच देशाबाहेर गेला तरी ही गणना थांबत नाही.

युनायटेड किंग्डम : भारतीय पदवीधरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’मध्ये पहिल्या प्रवेशापासून कालगणना सुरू होत नाही. व्हिसाची मुदत त्यावरील आरंभदिनांकापासून चालू होते आणि ती असेपर्यंत केव्हाही प्रवेश करता येतो. उशिरा जाणाऱ्याचा काळ येथेही कमी होतो. मात्र अल्पभेट देऊन त्यात काही साधत नाही.

उदाहरण

कॅनडाचे परिचयपत्र १० मार्च २०२५ रोजी संपणार असलेली आणि २४ महिन्यांच्या परवान्यास पात्र असलेली व्यक्ती १ मार्च २०२५ रोजी तेथे पोहोचली, तर तिचा परवाना फेब्रुवारी २०२७ च्या अखेरीपर्यंत चालू शकतो. आठवडाभराने परतून ती १ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा गेल्यास तिच्या हाती १८ महिने उरतात. ऑस्ट्रेलियाच्या १२ महिन्यांच्या व्हिसावर हेच केल्यास केवळ सहा महिने उरतात. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ठरावीक क्षेत्रांतील व प्रदेशांतील तीन महिन्यांचे काम आवश्यक असणाऱ्यांना ते याच काळात पूर्ण करावे लागते.

कागदपत्रे

कॅनडाच्या सीमेवर परिचयपत्र, पारपत्र, पुरेशा निधीचा पुरावा आणि संपूर्ण नियोजित वास्तव्याचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. अल्पभेट म्हणून केवळ काही आठवड्यांचा विमा काढल्यास परवानाही विम्याच्या मुदतीपुरताच मिळू शकतो आणि पुढे तो वाढवून मिळत नाही. पारपत्र लवकर संपणार असल्यास परवान्याची मुदतही त्यानुसार घटते. म्हणून पारपत्राचे नूतनीकरण प्रवासापूर्वी करणे हिताचे असते. परवान्यावरील नाव, दिनांक व अटी तपासून चूक आढळल्यास ती तेथेच दुरुस्त करून घेणे सोयीचे ठरते.

कामाचा परवाना हा प्रवासाचा दस्तऐवज नाही. पुन्हा प्रवेश करताना राष्ट्रीयत्वानुसार वैध प्रवेश व्हिसा किंवा इलेक्ट्रॉनिक प्रवास अनुमती लागते. पर्यटक म्हणून कॅनडात आधीच असलेल्या व्यक्ती पूर्वी अमेरिकेच्या सीमेवर जाऊन लगेच परतत आणि परवाना घेत. २३ डिसेंबर २०२४ पासून ही सोय बहुतेकांसाठी बंद झाली आहे.

लाभ व मर्यादा

परिचयपत्राची मुदत संपत आली असता सक्रियीकरण हा बहुधा शेवटचा उपाय असतो. वयोमर्यादा ओलांडलेल्या व्यक्तीस नवा अर्ज करता येत नसल्याने तिच्यासाठी त्याचे मोल अधिक असते. दुसऱ्या बाजूस प्रवासखर्च दोनदा करावा लागतो आणि न वापरलेल्या महिन्यांच्या विम्याचा भारही पडतो. कॅनडात कायम वास्तव्याच्या ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास’ या मार्गासाठी एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो. तो मिळवू इच्छिणाऱ्यांना प्रत्येक गमावलेला महिना जाणवतो. परिचयपत्राची बरीच मुदत शिल्लक असल्यास प्रत्यक्ष स्थलांतराच्या वेळीच प्रथम प्रवेश करणे अधिक लाभदायक असते.

भारतीय नागरिक

कॅनडाशी भारताचा असा युवा-करार नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यानुसार ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या वर्षाला १,००० जागा भारतीयांसाठी उपलब्ध झाल्या. त्यांसाठीची पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. निवड सोडतीने होत असल्याने, मंजूर व्हिसा न वापरता संपू दिल्यास पुढील सोडतीत नाव येण्याची शाश्वती नसते.